रणभूमीवरील सैनिकांमधील प्राणिजन्य आजारांच्या साथी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहिमेवर किंवा दीर्घ सरावावर असलेल्या सैनिकांना प्राण्यांपासून होणाऱ्या आजारांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न पाठवणाऱ्यांत सेवेतले जवान आहेत, त्यांच्या घरची माणसे आहेत, वैद्यकीय विद्यार्थी आहेत आणि युद्धाचा इतिहास आवडीने वाचणारेही आहेत. एखाद्या उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्याला आत्ता ताप आहे, त्याने मात्र हे वाचत न बसता आधी डॉक्टरकडे जावे.

१. प्राणिजन्य आजार म्हणजे नेमके कोणते? डासांमुळे होणारा मलेरियाही त्यातच धरायचा का?

ज्या आजाराचा जंतू निसर्गात मुख्यतः एखाद्या पृष्ठवंशीय प्राण्याच्या शरीरात टिकून असतो आणि तेथून माणसापर्यंत पोहोचतो, तो प्राणिजन्य आजार होय. आजार कीटकाच्या चाव्यातून येतो एवढ्यावरून तो प्राणिजन्य ठरत नाही, कारण कीटक हा बहुधा केवळ वाहक असतो. जंतूचा साठा कोणत्या शरीरात आहे, हे पाहावे लागते. मलेरियाचे नेहमीचे परजीवी माणसामाणसांतच फिरतात, म्हणून तो या यादीत येत नाही. आग्नेय आशियातील जंगलांत माकडांकडून माणसात येणारा ‘नॉलेसी’ प्रकार तेवढा याला अपवाद आहे. याउलट जपानी मेंदूज्वरही डासच आणतो, परंतु त्याचा विषाणू पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वाढत असल्याने तो प्राणिजन्य आहे.

२. त्याच भागात शेतकरी आणि गुराखी वर्षानुवर्षे राहतात. मग साथ सैनिकांमध्येच का येते?

स्थानिक लोकांनाही हे आजार होतात. फक्त ते तुरळक आणि विखुरलेले असल्याने नोंदले जात नाहीत. काहींना बालपणीच संसर्ग होऊन थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते आणि कोणत्या झुडपात बसू नये, हे त्यांना सवयीने ठाऊक असते. सैनिक बाहेरून येतो, जमिनीवर झोपतो, माती खणतो, ओढ्यातून चालतो, आणि हे सारे शंभर जणांसह एकाच रात्री, एकाच जागी करतो. त्यामुळे गावात वर्षभरात दहा ठिकाणी जे घडले असते, ते तुकडीत एका आठवड्यात दिसते.

याहूनही महत्त्वाचे कारण असे की युद्ध स्वतःच प्राण्यांची गणिते बदलते. १९४४ च्या उन्हाळ्यात क्रायमियात सुमारे २०० सोव्हिएत सैनिकांना रक्तस्रावी ताप आला. त्याआधीच्या जर्मन ताब्याच्या काळात शेती ओस पडली होती, कुरणांत रान माजले होते, शिकार थांबल्याने ससे बेसुमार वाढले होते आणि त्यांच्याबरोबर हायालोमा जातीच्या गोचिडीही वाढल्या होत्या. अशा रानात सैनिक पिकांच्या कापणीला मदत करायला उतरले आणि उघड्यावर झोपले. आज क्रायमियन काँगो रक्तस्रावी ताप या नावाने ओळखला जाणारा आजार वैद्यकाच्या नजरेत भरला तो तेथे. गोळीबार थांबला होता, पण कापणी न झालेल्या शेतात युद्धाचा परिणाम शिल्लक होता.

३. कोरियन युद्धातल्या गूढ तापाचा उल्लेख नेहमी येतो. ते प्रकरण नेमके काय होते?

१९५१ मध्ये ३८ व्या अक्षांशाजवळच्या आघाडीवर संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांना अचानक जोराचा ताप, डोके आणि कंबर ठणकणे, चेहऱ्यावर लाली, अंगावर बारीक रक्ताचे ठिपके आणि पुढे लघवी बंद होणे असा आजार होऊ लागला. युद्ध संपेपर्यंत रुग्णसंख्या ३,००० च्या घरात गेली. वसंताच्या अखेरीस एक लाट येई आणि शरद ऋतूत दुसरी.

तेव्हाच्या डॉक्टरांनी आजार माइट या गोचिडीसारख्या बारीक किड्याच्या चाव्यातून येत असावा, असे गृहीत धरले. त्यांनी गणवेश कीटकनाशकात बुडवले, झुडपे जाळली, तळ साफ केले. तरी साथ हटली नाही, कारण गृहीतकच चुकीचे होते. उपचारांच्या बाजूने मात्र बरेच शिकता आले. रक्तदाब घसरलेला पाहून सलाइन भरभरून दिले, तर पुढच्या टप्प्यात मूत्रपिंडे बंद पडल्यावर तेच पाणी फुप्फुसात साचते, हे अनुभवातून कळले. त्यामुळे किती द्रव गेला आणि किती लघवी झाली, याचा तास-तासाचा हिशेब ठेवणे हाच मुख्य उपचार ठरला. या रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले, हेलिकॉप्टरने त्यांना तेथे आणले जाऊ लागले आणि १९५२ मध्ये आघाडीमागच्या रुग्णालयात कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्रही सुरू झाले.

आजाराचे मूळ सापडायला मात्र युद्धानंतर दोन दशकांहून अधिक काळ गेला. १९७६ मध्ये कोरियन शास्त्रज्ञ हो वांग ली यांना पाठीवर पट्टा असलेल्या शेतउंदराच्या फुप्फुसात त्याचा पुरावा मिळाला, आणि तेथून वेगळ्या केलेल्या विषाणूला हांतान नदीवरून ‘हांतान’ नाव पडले. उंदीर चावण्याची गरजच नव्हती. त्याच्या मूत्राची आणि लेंड्यांची वाळलेली धूळ श्वासात जाणे पुरेसे होते.

४. आमच्या बंकरमध्ये एकही उंदीर दिसला नाही. तरी धोका असू शकतो का?

असू शकतो. उंदीर रात्री फिरतो आणि दिवसा दिसत नाही, त्यामुळे तो दिसला की नाही यापेक्षा त्याच्या खुणा आहेत का, हे पाहावे: तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या, कुरतडलेली शिध्याची पाकिटे, भिंतीच्या कडेने तेलकट पट्टा, कोपऱ्यात गवताचे आणि चिंध्यांचे घरटे.

रिकाम्या झोपडीत किंवा जुन्या बंकरमध्ये मुक्काम ठरला की उत्साही जवान सर्वप्रथम केरसुणी हातात घेतो, आणि नेमके तेच करू नये. कोरड्या झाडण्याने वाळलेली घाण हवेत उडते आणि बंद जागेत सर्वांच्या श्वासात जाते. आधी दारे-झडपा उघडून जागा किमान अर्धा तास हवेशीर होऊ द्यावी. नंतर घाणीवर ब्लीचचे पाणी शिंपडून ती पाच-दहा मिनिटे भिजू द्यावी आणि मग हातमोजे घालून ओल्या कपड्याने पुसून घ्यावी. शिधा पत्र्याच्या डब्यात आणि उष्टे अन्न झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवल्यास उंदीर पुन्हा येण्याचे कारण उरत नाही.

५. स्क्रब टायफस ओळखायचा कसा? सगळे म्हणतात की काळा डाग दिसतो.

डाग दिसतो, पण तो शोधावा लागतो. हा आजार चिगर या माइटच्या अळीच्या चाव्यातून होतो. ती डोळ्यांना जेमतेम दिसते आणि चावताना कळत नाही. चाव्याच्या जागी प्रथम लहान फोड येतो आणि मग विझत्या सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती बहुधा दुखत नाही आणि खाजतही नाही, म्हणून रुग्ण स्वतःहून सांगत नाही. काख, जांघ, कमरपट्ट्याखालची जागा, गुडघ्यामागचा भाग आणि कानामागची घडी येथे ती लपते, त्यामुळे बाह्या वर करून घेतलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. अनेक रुग्णांत खपली सापडतही नाही. अशा वेळी ती नाही म्हणून आजार नाही, असा निष्कर्ष काढू नये.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि ईशान्य भारताच्या आघाडीवर, तसेच प्रशांत महासागरातील बेटांवर या आजाराने हजारो सैनिक अंथरुणाला खिळले आणि तेव्हा त्यावर औषध नव्हते. शुश्रूषा हाच उपचार होता. १९४८ मध्ये मलायात क्लोरॅम्फेनिकॉलचा गुण दिसला आणि चित्र पालटले. आज डॉक्सिसायक्लिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. ते वेळेवर सुरू झाल्यास ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो आणि न उतरल्यास निदानाचा फेरविचार करावा लागतो.

काटेकोरपणे पाहिले तर या जंतूचा खरा साठा माइटच आहे, कारण तो माइटच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत जातो; उंदीर-घुशी त्या माइटना पोसतात. त्यामुळे स्क्रब टायफसच्या तळावर नुसते उंदीर मारल्यास भुकेल्या अळ्या उरतात आणि त्या माणसाकडे वळतात. झुडपे साफ करणे, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेला गणवेश आणि उघड्या त्वचेवर कीटकरोधक मलम ही त्याआधीची कामे आहेत.

६. पाण्यातून चालावे लागणारच असेल, तर लेप्टोस्पायरोसिससाठी (उंदीर-जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) आधीच गोळ्या घ्याव्यात का?

ठरावीक परिस्थितीत, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगितल्यास, होय. १९८२ मध्ये पनामाच्या जंगलात सरावाला गेलेल्या ९४० अमेरिकी सैनिकांवर चाचणी झाली. आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या गटात एकाला, तर औषध नसलेली नुसती साधी गोळी घेणाऱ्या गटात २० जणांना आजार झाला. हा फरक लक्षणीय असला, तरी चाचणी काही आठवड्यांच्या, जोखीम ठाऊक असलेल्या सरावातली होती. त्यावरून वर्षभर गोळी घेत राहणे शहाणपणाचे ठरत नाही. जखमा झाकणे, साचलेले पाणी टाळणे आणि पाय कोरडे करणे यांना ही गोळी पर्याय नाही.

हा आजार नेहमी काविळीच्या रूपात येतो, ही समजूतही बरोबर नाही. १९४२ मध्ये अमेरिकेच्या फोर्ट ब्रॅग तळावर सैनिकांना ताप येऊन नडग्यांवर लालसर चट्टे उठले. आजाराला तळाचेच नाव पडले, आणि तो लेप्टोस्पायरा या जंतूमुळे होता हे उघड व्हायला १९५२ साल उजाडले.

७. गावकरी प्रेमाने ताजे दूध देतात. ते नाकारणे बरे दिसत नाही, मग काय करावे?

घ्यावे आणि उकळून प्यावे. माल्टातील ब्रिटिश सैन्याला ‘माल्टा ताप’ या चढ-उतार होणाऱ्या, महिनोन् महिने रेंगाळणाऱ्या तापाने अनेक वर्षे जेरीस आणले होते. लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, परंतु तो सैनिकांच्या पोटात जातो कोठून, हे कळायला आणखी १८ वर्षे लागली. बेटावर शेळ्या दारोदार नेऊन ग्राहकासमोर दूध काढण्याची पद्धत होती, म्हणजे दूध डोळ्यांदेखत, शुद्ध आणि ताजे. शेळ्याही धडधाकट दिसत. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झमित यांनी त्या शेळ्यांच्या रक्तात संसर्गाची खूण दाखवली. त्याच वर्षी ‘जोशुआ निकोल्सन’ या जहाजातून माल्टाच्या शेळ्या अमेरिकेकडे चालल्या असता त्यांचे दूध पिणारे खलाशी आजारी पडले. १९०६ मध्ये सैनिकांच्या आहारातून शेळीचे दूध बंद झाले आणि तळावरचा ताप झपाट्याने ओसरला.

हा आजार म्हणजेच ब्रुसेलोसिस. कच्च्या दुधाचे ताजे चीज आणि लोणी यांतूनही तो होतो, आणि दूध उकळण्याचा नियम पाळणारे अनेकजण नेमके ते विसरतात.

८. तळाजवळ शेळ्या-मेंढ्यांचा वाडा आहे, पण आम्ही तेथे जातच नाही. तरी क्यू फीवर होईल?

होऊ शकतो, कारण त्याचा जंतू, कॉक्सिएला, वाऱ्यावर प्रवास करतो. व्यालेल्या किंवा गाभडलेल्या मेंढीच्या वारेत (प्लासेंटात) तो प्रचंड संख्येने असतो, कोरड्या मातीत महिनोन् महिने टिकतो आणि अगदी मोजके जंतू श्वासात गेले तरी संसर्ग होतो. दुसऱ्या महायुद्धात बाल्कन प्रदेशात आणि इटलीत सैनिकांना झालेला ‘बाल्कन फ्लू’ पुढे क्यू फीवर ठरला. इराक आणि अफगाणिस्तानातल्या मोहिमांतही तो आढळला. हेलिकॉप्टरच्या पात्यांनी उडणारी धूळ ही अशा ठिकाणी केवळ डोळ्यांची अडचण नसते.

निम्म्या लोकांना लक्षणेच जाणवत नाहीत. मात्र ज्यांच्या हृदयाची झडप आधीच सदोष आहे, त्यांच्यात हा जंतू वर्षांनंतर झडपेवर बसलेला सापडू शकतो.

९. छावणीत एक कुत्र्याचे पिल्लू पाळले आहे. खेळताना त्याचा दात लागला, रक्त फारसे आले नाही. इंजेक्शन घ्यायलाच हवे का?

हो. या पानावरच्या बाकी उत्तरांत ‘बहुधा’ आणि ‘काही वेळा’ हे शब्द आहेत. येथे ते नाहीत, कारण रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर उपचार जवळजवळ कधीच उपयोगी पडत नाहीत. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. १५ मिनिटे हा वेळ वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो, म्हणून घड्याळ लावावे. त्यानंतर लसीचा पूर्ण क्रम घ्यावा आणि त्वचा फाटून रक्त आले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडेही) टोचून घ्यावे. पूर्वी प्रतिबंधक लस झालेल्यांना इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, परंतु लसीचे दोन डोस पुन्हा घ्यावेच लागतात.

जानेवारी २०११ मध्ये अफगाणिस्तानात एका २४ वर्षांच्या अमेरिकी सैनिकाच्या हाताला कुत्रा चावला. प्रतिबंधक उपचार पूर्ण झाले नाहीत. तो मायदेशी परतला आणि ऑगस्टमध्ये, म्हणजे सात महिन्यांनी, लक्षणे दिसून त्याच महिनाअखेरीस दगावला. अनेक सैन्यांत मोहिमेवर प्राणी पाळण्यास मनाई असते ती यासाठीच. एकटेपणात पिल्लाचा किती आधार वाटतो, हे ठाऊक असूनही हा नियम योग्यच म्हणावा लागतो. चाव्याची तक्रार केली तर पिल्लू नेले जाईल, या भीतीने चावा लपवला जातो. अधिकाऱ्यांनी हे ओळखून विचारपूस करावी.

१०. मच्छरदाणी लावूनही वाळूमाशी चावते, हे खरे आहे का? आणि ‘बगदाद फोड’ म्हणजे काय?

खरे आहे. वाळूमाशी दोन-तीन मिलिमीटरची असते, आवाज न करता उडते आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आत येते. त्यासाठी बारीक जाळीची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी लागते. तिच्या चाव्यातून लीशमॅनिया परजीवी शिरला की काही आठवड्यांनी न दुखणारा, न भरणारा व्रण होतो. त्यालाच बगदाद फोड म्हणतात. २००३ नंतर इराकमधील शेकडो अमेरिकी सैनिकांना तो झाला. तेथील वाळवंटी उंदीर हे परजीवीच्या एका प्रकाराचे आश्रयस्थान आहे, म्हणून उंदरांच्या बिळांजवळ तंबू ठोकू नये.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर काही सैनिकांत हाच परजीवी शरीराच्या आतील अवयवांत सापडला आणि अमेरिकेने तेथून परतलेल्यांचे रक्तदान नोव्हेंबर १९९१ पासून जानेवारी १९९३ पर्यंत थांबवले होते. आपल्याला रक्त देता येईल का, हे रक्तपेढीला प्रवासाचा खरा तपशील सांगून विचारावे.

११. आजारी सहकाऱ्याला उचलून आणणाऱ्यांनाही लागण होते का?

वर आलेल्या बहुतेक आजारांत होत नाही. स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस आणि कोरियातला हांतान ताप एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत. मोठा अपवाद क्रायमियन काँगो तापाचा (प्रश्न २): रुग्णाच्या रक्ताच्या आणि स्रावांच्या संपर्काने परिचारक व डॉक्टर आजारी पडतात, म्हणून हातमोजे, झगा, मुखपट्टी आणि डोळ्यांचे संरक्षण अनिवार्य आहे. दुसरा अपवाद फुप्फुसांच्या प्लेगचा, जो खोकल्यातून पसरतो.

१२. घरी परतून दोन महिने झाले आणि आता ताप आला. त्याचा मोहिमेशी संबंध असू शकतो का?

तो कोणत्या आजाराचा आहे, यावर अवलंबून आहे. गोचिडीच्या चाव्यानंतर क्रायमियन काँगो ताप बहुधा तीन दिवसांत येतो, त्यामुळे दोन महिन्यांनी त्याचा विचार करण्याचे कारण नाही. स्क्रब टायफसचा अधिशयन काळ (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) साधारण १० ते १२ दिवसांचा, फार तर तीन आठवड्यांचा. लेप्टोस्पायरोसिसचा बहुधा एक ते दोन आठवड्यांचा, कमाल महिन्याचा. क्यू फीवरचा दोन ते तीन आठवड्यांचा. हांतान ताप क्वचित आठ आठवड्यांपर्यंत लांबतो. ब्रुसेलोसिस, काळा आजार (लीशमॅनियाचा आतील अवयवांतला प्रकार) आणि रेबीज मात्र महिन्यांनंतरही उगवतात, आणि मलेरिया प्राणिजन्य नसला तरी परतलेल्या सैनिकाच्या तापात तो आधी तपासावा लागतो.

डॉक्टरांना ‘मी सीमेवर होतो’ एवढेच सांगणे पुरत नाही. कोठे झोपलात, कोणते पाणी आणि दूध प्यायलात, काय चावले, कोणत्या जनावराला हात लावला आणि त्या सुमारास तुकडीत आणखी कोणाला ताप होता, हे तारखांसह सांगावे.

१३. नेपोलियनच्या सैन्याचा टायफसने संहार केला. तो प्राणिजन्य आजार होता ना?

नाही. १८१२ च्या रशिया मोहिमेशी जोडला जाणारा साथीचा टायफस अंगावरच्या उवांमुळे पसरतो आणि त्याचा मुख्य साठा माणूसच आहे. पहिल्या महायुद्धातला खंदक ताप हाही तसाच उवांचा. नावात ‘टायफस’ असले तरी स्क्रब टायफस (प्रश्न ५) हा वेगळ्या जंतूचा वेगळा आजार आहे, आणि या नावसाधर्म्याने विद्यार्थ्यांचे गुण आजवर पुष्कळ गेले आहेत.

१४. युद्धक्षेत्रात अचानक विचित्र साथ आली, तर ते जैविक अस्त्र असल्याचा संशय घ्यावा का?

तपास करावा, पण निष्कर्षाची घाई करू नये. कोसोव्होत १९९९-२००० मध्ये टुलारेमिया या उंदीर-सशांपासून होणाऱ्या जिवाणूजन्य आजाराची साथ पसरली तेव्हा हीच शंका आली होती. तपासात दिसले ते असे की लोक घरे सोडून पळाले होते, कापणी राहून गेली होती, धान्याचे साठे उघडे पडले होते आणि उंदीर वाढले होते. परतलेल्या कुटुंबांनी तेच धान्य आणि त्याच विहिरी वापरल्या. हे उत्तर प्रश्न २ मधल्या क्रायमियासारखेच आहे. एकाच वेळी, एकाच दिशेच्या वाऱ्यात, त्या भागात कधीही नसलेल्या जंतूचे रुग्ण दिसले, तर मात्र शंकेला आधार मिळतो.

१५. प्राण्याच्या जवळपासही न गेलेल्या सैनिकाला असा आजार झाल्याचे उदाहरण आहे का?

आहे, आणि तेही दाढी करताना. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांच्या चेहऱ्यावर आणि मानेवर अँथ्रॅक्स या जनावरांपासून येणाऱ्या आजाराचे काळे व्रण दिसू लागले. युद्धापूर्वी चांगले ब्रश बिज्जूच्या केसांचे असत. युद्धाने व्यापारवाटा तुटल्यावर परदेशातून आणलेले घोड्याचे केस त्यांच्याऐवजी वापरले गेले आणि काही ब्रश ते नीट निर्जंतुक न करताच बांधले गेले. विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून सैनिकांना गुळगुळीत दाढी करणे भाग होते, आणि वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यातून बीजाणूंना वाट मिळत होती. प्रश्न १२ मधल्या यादीतले सगळे विचारूनही अशा रुग्णाचे निदान झाले नसते. त्याच्या पिशवीतले सामान काढून पाहावे लागले असते.